राहुलाचा आरसा आणि मुलांच्या हातातील मोबाइल



31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास पुण्याच्या ‘केसरी’ने नकार दिला होता. आपला शब्द चार माणसांपर्यंत पोहोचावा म्हणून आपल्या माणसांना केवढे झगडावे लागले! आणि आज? ताडीवाला रोड, येरवडा, दापोडी येथील वस्तीतला चौदा वर्षांचा मुलगा अंगठा दाबतो आणि त्याचा शब्द क्षणात हजारो लोकांसमोर जातो. हे साधन मुलांच्या हातून हिसकावून घ्या, असे मी सांगणार नाही. परंतु एवढ्या कष्टाने मिळालेला शब्द आपली मुले कशी वापरतात, हे आपण पाहणार की नाही?

हा प्रश्न पोकळ नाही. मे 2025 मध्ये आपल्या पुण्यातच एकोणीस वर्षांच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने भारत-पाकिस्तान संघर्षाविषयीचा दुसऱ्याचा मजकूर इन्स्टाग्रामवर पुढे पाठविला. दोन तासांत तो काढून टाकला, माफीही मागितली. तरीही महाविद्यालयाने तिला काढले, पोलिसांनी अटक केली. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडे बोल सुनावून तिची सुटका केली आणि परीक्षेची वाट मोकळी केली. न्याय मिळाला; पण तोवर कोठडी भोगावी लागलीच. जे पुसले असे आपण समजतो, ते दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये शिल्लक असते.

त्याही आधी, जून 2014 मध्ये, फेसबुकवर महापुरुषांची विटंबना करणारी चित्रे पसरली आणि पुण्यात दंगा उसळला. हडपसरला एका मुस्लिम तरुणाला जमावाने ठार मारले. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. चित्र पुढे ढकलणाऱ्या प्रत्येक बोटाने त्या आगीत एकेक काडी टाकली नव्हती काय?

यावर धम्म काय सांगतो? राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे भगवान बुद्ध राहुलाकडे गेले. राहुल तेव्हा वयाने लहान होता. भगवंतांनी पाय धुतले, भांड्यात थोडेसे पाणी उरवले आणि ते दाखवून सांगितले की, जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणत्व एवढेसेच. नंतर ते पाणी ओतून दिले, भांडे पालथे केले. मग विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कर्म आधी, करताना आणि केल्यानंतर पाहावे. माझे, दुसऱ्याचे किंवा दोघांचेही यात अहित आहे काय, हे तपासावे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षू आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावे असे जे उपदेश नोंदविले, त्यांत राहुलाला केलेला असत्याविषयीचा उपदेश आहे.

मोबाइलची काच हाच आजच्या राहुलाचा आरसा. बोट दाबण्यापूर्वी मुलाने त्यात पाहावे. हे खरे आहे काय? नसेल तर चौथे शील मोडले. याने माणसामाणसांत फूट पडते काय? ही चहाडी. वर्गातल्या मुलीच्या फोटोवर घाण लिहिले, कुणाच्या रंगावर, व्यंगावर हसलो, ही कठोर वाणी. रात्रीचे दोन वाजेपर्यंत निरर्थक बडबड, ही वायफळ वाणी. सम्यक् वाणी या चारही गोष्टींना नकार देते. अल्पवयीन मुलामुलींची अश्लील छायाचित्रे पाठविणे हा तर कायद्यानेही गंभीर गुन्हा आहे. ‘मी काढले नाही, नुसते पुढे पाठविले’ ही सबब तेथे चालत नाही.

आपल्या मुलांची परीक्षा आणखी कठीण आहे. बाबासाहेबांच्या फोटोखाली कोणी जातीवरून शिवी लिहितो. पोराचे रक्त उसळते, तो दुप्पट शिवी लिहितो. मग मूळ शिवी गायब होते आणि आपल्या पोराचीच शिवी पुरावा म्हणून उरते! बंधूंनो, स्वाभिमान म्हणजे शिवीगाळ नव्हे. त्या मजकुराचे चित्र दिनांकासह जपून ठेवावे, मोठ्यांना दाखवावे, आणि 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घेऊन तक्रार करावी. बाबासाहेबांनी आपल्याला कायदा शिकविला तो याचसाठी.

आता आई-वडिलांसाठी. भगवंतांनी राहुलाला आणखी एक गोष्ट सांगितली: चूक घडल्यास ती शास्त्यापुढे किंवा जाणत्या सहकाऱ्यापुढे उघड करावी. आपले मूल आपल्यापुढे चूक उघड करू शकते काय? मी शिक्षक आहे. फोटोवरून धमकावली गेलेली मुलगी घरी सांगत नाही, कारण ‘शाळा बंद करतील’ ही भीती तिला धमकीपेक्षा मोठी वाटते. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढणार, त्या घरात ही भीती एक आयुष्य बुडविते. म्हणून आधी ऐका, मग बोला. हात उगारू नका. पोलीस ठाणे आहे, मुलांसाठी 1098 हा दूरध्वनी आहे. मुलीची शाळा मात्र एक दिवसही बंद होता कामा नये.

या रविवारी वंदना झाल्यावर मुलांना जवळ बसवा, राहुलाची ही कथा सांगा. आणि प्रथम आपण स्वतः मागच्या आठवड्यात काय काय पुढे पाठविले, ते त्याच आरशात पाहा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!