हातून निसटलेलें शस्त्र

मनुष्याच्या हातून वस्तु पडते ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तिच्याविषयीं विचार करावा असें कोणास सहसा वाटत नाहीं. लहान मुलाच्या हातून पेला पडतो, तेव्हां आपण त्याला "नीट धर" म्हणतों. पेला फुटलाच तर कांचवाल्यास बोल लावण्याचें आपल्या मनांतहि येत नाहीं. जपून वापरणें हें वापरणाराचें काम, ही आपली जुनी समजूत आहे आणि पेल्यापुरती ती बरोबरहि आहे. परंतु पडणारी वस्तु भरलेलें पिस्तूल असेल तर? जमिनीवर आदळतांच त्यांतून गोळी सुटली आणि जवळ उभा असलेला मनुष्य जखमी झाला, तर दोष ज्याचा हात निसटला त्याचा, कीं ज्यानें तें पिस्तूल घडविलें त्याचा?

हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. अमेरिकेंत सिग सॉअर कंपनीच्या 'पी-३२०' या पिस्तुलाविषयीं तो २०१७ सालीं उभा राहिला. या पिस्तुलास बाहेर घोडा नाहीं. काडतुसाच्या बुडावर आघात करणारी पोलादी कांडी आंतल्या आंत ताणून ठेवलेली असते व एक खटका तिला अडवून धरतो. चाप ओढला म्हणजे खटका सरकतो आणि कांडी सुटते. आतां हें पिस्तूल एका विशिष्ट तिरप्या कोनांत पाठीवर आदळलें म्हणजे त्याचें अंग जागच्या जागीं थांबे, परंतु चाप जड असल्यामुळें पडण्याच्या वेगानें तो मागें जातच राही. बोट न लागतां चाप आपणच आपणास ओढून घेई! आंत सुरक्षेची एक अडणी होती, नाहीं असें नाहीं. पण चाप हलला कीं तिनें वाट द्यावी अशीच तिची योजना असल्यामुळें, खरें बोट कोणतें आणि हें खोटें बोट कोणतें, हा विवेक तिच्या ठायीं असणें शक्य नव्हतें.

त्या वर्षींच्या ऑगस्टच्या आरंभीं डॅलस शहराच्या पोलिसखात्यानें या पिस्तुलाचा वापर थांबविला. एका शस्त्रविक्रेत्यानें तें पाडून पाहिलें व तें उडतें असें दाखवून दिलें. कंपनीचें पहिलें उत्तर असें होतें कीं, आमचें पिस्तूल देशांतील सर्व मान्य कसोट्यांस उतरलेलें आहे. हें उत्तर खोटें नव्हतें, आणि म्हणूनच तें विचार करण्याजोगें आहे. अमेरिकेंतील शस्त्रकारखानदारांच्या संस्थेनें ठरविलेली कसोटी अशी: चार फुटांवरून रबराच्या पट्ट्यावर शस्त्र सहा स्थितींत पाडावें, नळी वर, नळी खालीं, आणि आडवें धरून चारी अंगांवर. ज्या तिरप्या कोनांत हें पिस्तूल उडे, तो कोन या सहांत नाहीं. परीक्षकानें न विचारलेलें प्रकरण विद्यार्थ्यानें वाचलें नाहीं, तर आपण त्याला फार तर आळशी म्हणूं. पण जमीन ही कांहीं नेमलेल्या प्रश्नपत्रिकेप्रमाणें परीक्षा घेत नसते.

येथपर्यंत मी कारखानदारास दोषी ठरविणार नाहीं. यंत्र घडविणारास सर्व कोन आधीं सुचले पाहिजेत, ही अपेक्षा मनुष्याकडून करण्याजोगी नव्हे. प्रश्न पुढचा आहे. ८ ऑगस्ट रोजीं कंपनीनें विनामूल्य दुरुस्ती जाहीर केली. चाप, खटका व कांडी हलकीं करून बसविण्याची. तिला नांव दिलें 'ऐच्छिक सुधारणा'. त्याच निवेदनांत असेंहि सांगितलें कीं, लष्करानें जानेवारींत पसंत केलेल्या याच पिस्तुलाच्या 'एम-१७' या प्रकारास या सुधारणेची गरज नाहीं. गरज कां नाहीं, तें जानेवारी २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या सरकारी परीक्षण-अहवालावरून कळलें. लष्कराच्या चाचणींत पडलेलें पिस्तूल उडालें होतें, आणि त्यावर कंपनीनें चापाच्या यंत्रणेंत हलके भाग घातले होते. म्हणजे शिपायाच्या कमरेचें पिस्तूल दुरुस्त झालें, त्या वेळीं गृहस्थाच्या टेबलाच्या खणांतलें तसेंच पडून होतें. अज्ञानाचा आसरा तेथें संपतो. दोष ठाऊक झाल्याच्या दिवसापासून निसटणारा हात हा निमित्तमात्र उरतो, असें मला वाटतें.

(पुढें हें पिस्तूल न पडतांहि, म्यानांत असतांना उडालें अशा फिर्यादी झाल्या, कंपनी तें नाकारते. २०२४ सालीं दोन ठिकाणच्या ज्यूरींनीं तिच्याविरुद्ध निकाल दिले. तो वाद निराळा आहे. त्याची येथें सरमिसळ करणें न्यायाचें होणार नाहीं.)

याच देशांत १९४४ सालीं, युद्धाच्या धुमाळींत, स्मिथ अँड वेसन कंपनीचें एक रिव्हॉल्व्हर जहाजाच्या पोलादी डेकवर पडून उडालें व एक खलाशी मेला. कंपनीनें तांतडीनें घोड्यास अडविणारी नवी पट्टी योजिली. तेथें गिऱ्हाईक नौदल होतें. मागणी बंद होण्याचा धाक होता. सामान्य गृहस्थाजवळ असा कोणता धाक असणार? १९७२ सालच्या ज्या कायद्यानें अमेरिकन सरकारास घरगुती वस्तूंच्या सुरक्षेवर अधिकार मिळाला, त्यांतून अग्निशस्त्रें मुद्दाम वगळलेलीं आहेत. तेव्हां कारखानदाराची इच्छा हाच काय तो आधार.

आणि ऐच्छिक म्हटलें म्हणजे इच्छा एकट्या कारखानदाराची राहत नाहीं, मालकाचीहि येते. ज्याला गोळी लागायची त्या तिसऱ्याला मात्र कोणी विचारलेलें नसतें. रूगर कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत घोडा भरलेल्या काडतुसावर टेकलेला असे. म्हणून सहा घरांत पांचच काडतुसें भरावीं, ही चाल १८७३ सालच्या कोल्टपासून चालत आलेली. १९७३ सालीं कंपनीनें नवी रचना आणली, आणि १९८२ पासून जुनींहि फुकट दुरुस्त करून देऊं लागली. दुरुस्तीबरोबर काढलेले जुने भाग ती मालकास परत करते. जुन्या शस्त्रांचे शोकीन अस्सल, हात न लावलेल्या शस्त्रास अधिक मोल देतात. त्यामुळें कित्येकांनीं तीं कारखान्यास धाडलींच नाहींत, आणि तीं बापाकडून मुलाकडे, मुलाकडून परक्याकडे जशींच्या तशीं जात आहेत.