टायटल क्लिअर

‘ऐतिहासिक पैठणनगरीच्या सान्निध्यात, शेवगाव-पैठण रस्त्यालगत, टुमदार बंगला व बहरलेली बाग विकणे आहे. विहीर, बारमाही पाणी. टायटल क्लिअर.’

एजंटाने हा मजकूर फोनवर वाचून दाखवला तेव्हा पहिल्यांदा मला हसूच आले. आमच्या घराला आम्ही कधी बंगला म्हटले नाही. घोटणच्या रस्त्याला असलेला तो आमचा मळा. अब्बांनी तिथे चार खोल्या आणि पुढे पडवी बांधली, एवढेच. पैठण मात्र ऐतिहासिक आहे यात शंका नाही. सातवाहनांची ती राजधानी आणि नाथांचे गाव. आपल्या वाचकांना हेही सांगायला नको की, नाथांचे गुरू जनार्दनस्वामी आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे त्यांचे गुरू चांद बोधले. पुण्याच्या गिऱ्हाइकाला यातले काहीही नको होते. त्याला शनिवार-रविवारी झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे होते. त्यातही गैर काही नाही.

माझे मन अडले ते शेवटच्या दोन शब्दांपाशी.

कायद्याच्या अर्थाने ते खरे आहेत. सातबाऱ्यावर दोन नावे आहेत, माझे आणि धाकट्या भावाचे. बोजा नाही, दावा नाही. घराभोवतीचे वीस गुंठे बिनशेती झालेले आहेत. जुन्या कागदांवर जिल्हा अहमदनगर आहे. २०२४ साली जिल्ह्याचे नाव बदलले, तेव्हापासूनच्या उताऱ्यावर अहिल्यानगर. पण मी फेरफार काढून पाहिले. अब्बांच्या मागे वारसनोंदीत चार नावे लागली होती. पुढच्याच फेरफारात त्यातली दोन कमी झाली. आपाचे आणि धाकट्या बहिणीचे. कारण : नोंदणीकृत हक्कसोडपत्र.

त्या पत्रात एक शब्द आहे, ‘राजीखुशीने’. अशा प्रत्येक पत्रात तो असतोच. दस्त लिहिणाऱ्याच्या हाताखालून तो आपोआप उतरतो, लग्नपत्रिकेतल्या ‘सहकुटुंब सहपरिवार’सारखा. मी इतकी वर्षे तो शब्द खरा धरून चाललो. आता घर विकायला निघाल्यावर विचारतो आहे की, तो खरा होता का?

शरियतचा हिशेब सरळ आहे. अम्मी अब्बांच्या आधीच गेलेली. दोन भाऊ, दोन बहिणी म्हणजे सहा हिस्से. आम्हा भावांचे दोन-दोन, बहिणींचा एक-एक. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा का, हा वाद आपण परिसंवादांतून घालतो आणि घालावाही. पण गावोगावचे वास्तव असे की, वाद निम्म्याचा घालायचा आणि हाती द्यायचे शून्य. १९३७च्या शरियत कायद्याने वारशातल्या रूढी बाजूला सारल्या, पण शेतजमीन तेवढी वगळली. ही पळवाट कोणासाठी ठेवली गेली हे ओळखायला फार शहाणपण लागत नाही. आमच्या बाबतीत तर तीही पुरेशी नाही. घर, अंगण आणि बाग ही काही शेतजमीन नव्हे. आपल्या अंकांतून तलाकवर पुष्कळ लिहून झाले आणि ते आवश्यकच होते. बहिणीच्या वाट्यावर त्या मानाने कमी लिहिले गेले. कदाचित लिहिणारे बहुतेक भाऊ असल्यामुळे.

शेजारच्या मराठा, माळी घरांतही हेच चालते. हक्कसोडपत्राला जातधर्म नाही.

भावाचे म्हणणे मी इथे प्रामाणिकपणे मांडतो, कारण तो वाईट माणूस नाही. तो म्हणतो, “भाई, उनो दस्तखत करे ना? फिर किसकी राह देखते?” त्याचे पुढचे म्हणणे असे की, बहिणींच्या लग्नात अब्बांनी खर्च केला, बाळंतपणे माहेरी झाली, ईदेला साड्या-कपडे गेले. हे सगळे खरे आहे. पण लग्न आमचीही झाली. आमच्या वलिम्याची रक्कम आमच्या हिश्शातून कोणी वजा केली नाही. शिवाय देणगी आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देणगीबद्दल आभार मानायचे असतात, हक्काबद्दल कोणाचे आभार मानायचे कारण नसते. म्हणून तर देणाऱ्याला देणगी द्यायला आवडते.

कुरआनात मेहरसंबंधी जिथे आज्ञा आहे, तिथे असेही म्हटले आहे की, स्त्रियांनी मनाच्या खुशीने त्यातले काही सोडले तर ते निर्धास्त घ्यावे. ही अट मेहरची आहे, वारशाची नाही. पण माझ्या समजुतीप्रमाणे मुद्दा तोच लागू पडतो. सही असणे आणि मनाची खुशी असणे एक नव्हे. सही कागदावर दिसते. खुशी कुठे पाहायची? माझ्या मते एक कसोटी आहे. ती ‘नाही’ म्हणाली असती तर काय झाले असते? ‘काहीच नाही’ हे उत्तर असेल, तर तिचा ‘हो’ खरा. माहेरचा दरवाजा बंद झाला असता, हे उत्तर असेल तर तो ‘हो’ नव्हता. ती किंमत होती, जी तिने मोजली.

भावाने आणखी एक तोडगा काढला. आलेल्या पैशातून मशिदीला चांगली रक्कम देऊ, म्हणजे बरकत राहील. यावर मला अबू तल्हांची हकीकत आठवली. मदिनेत त्यांची बैरुहा नावाची बाग होती, सर्व मालमत्तेत सर्वांत लाडकी. आपल्याला प्रिय असेल त्यातून खर्च केल्याखेरीज पुण्य लाभत नाही, ही आयत ऐकून त्यांनी ती बाग अल्लाहच्या मार्गात देऊ केली. पैगंबरांनी सल्ला दिला तो आप्तांमध्ये वाटून देण्याचा. इथे तर दानाचाही प्रश्न नाही. बहिणीचे बहिणीला देणे आहे.

बागेचेही तसेच. नगरला गेलो की मी कधी फराहबागेकडे वळतो. निजामशाहीत १५८३ साली पूर्ण झालेला तो महाल. भोवती पूर्वी तळे होते. राजे-वजिरांची नावे इतिहासात आहेत. तिथे माती वाहणाऱ्यांची नाहीत. आमच्या ‘बहरलेल्या बागे’तली लिंबे आणि मोगरा अम्मीने भांडी धुतलेल्या पाण्यावर जगवला. डाळिंबाची झाडे आपाची, शाळेतून आल्यावर ती बादल्या ओतायची. मी त्या बागेत फक्त डाळिंबे खाल्ली. आज जाहिरातीत त्या झाडांची किंमत धरली आहे आणि ती मला मिळणार आहे.

शेजारचे आबा हा आणखी एक पेच. बहात्तरच्या दुष्काळानंतर खोदलेल्या आमच्या विहिरीवरून त्यांच्या भाजीपाल्याला पाळीने पाणी जाते. कागद कसलाच नाही, अब्बांचा शब्द. आपल्याकडे याला शुफा म्हणतात : घर विकताना आधी शेजाऱ्याला विचारावे. हनफी फिकहने हा हक्क देताना शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. कोकणातले आपले शाफई बंधू मात्र तो केवळ भागीदारापुरता मानतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली निव्वळ शेजारीपणावर आधारलेला असा हक्क घटनेत बसत नाही म्हणून रद्द ठरवला. न्यायालयाचे चुकले असे मी म्हणणार नाही. याच हक्काच्या आडून नको असलेल्या माणसाला वस्तीबाहेर ठेवता येते. पण बुखारीत अबू राफे यांची गोष्ट आहे. रोख ५०० दिनार देणारा गिऱ्हाईक असताना त्यांनी आपल्या खोल्या शेजारी साद यांना ४००० दिरहमला, तेही हप्त्याने दिल्या. दिनार सोन्याचा, दिरहम चांदीचा. तोटा उघड होता. त्यांना कोणत्या न्यायालयाने भाग पाडले नव्हते. आबांना मी विचारले. ते म्हणाले, “घ्यायची ऐपत न्हाई भाई. पान्याचं तेवढं लिवून घ्या.” एजंट म्हणतो, पाण्याचे लिहिले की भाव पडतो.

मग एका रात्री आपाला फोन लावला. एवढ्या वर्षांत कधी न विचारलेले विचारले, तेव्हा तू खुशीने सही केलीस का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अब्बा गए बाद की पैली ईद आनेवाली थी. कागज तूच लेके आया था.” मी काही बोललो नाही. तीच पुढे म्हणाली, “मेरे कू ईद कू आने कू घर होना था रे.”

नंतर तिने डाळिंबांना यंदा फळ धरले का, ते विचारले.

एजंटाला मी जाहिरात थांबवायला सांगितले आहे. सहा हिस्से कागदावर मांडून एक प्रत भावाकडे पाठवली. घर विकायचे की नाही हे चौघांनी बसून ठरवायचे, आबांच्या पाण्यासकट. भाऊ त्या दिवसापासून माझा फोन उचलत नाही.