उरलेल्या दोन जागा

दहावी झालेल्या मुलीनं ‘मला सिव्हिल करायचंय’ असं जाहीर केलं, की विषयांचा प्रश्न खरं तर तिथंच मिटायला हवा. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात २०० गुण, त्यातले १०० एकट्या गणिताचे. २०२१मध्ये एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेनं चौदा विषयांची यादी काढून, बारावीला गणित-भौतिकशास्त्र नसलं तरी चालेल असं सुचवलं, तेव्हा बरीच ओरड झाली आणि परिषदेला खुलासे करावे लागले. सिव्हिलपुरता तरी तो वाद फुकाचा होता. भाराखाली तुळई किती वाकेल हे काढायला कॅल्क्युलस लागतं, त्याला पळवाट नाही.

तरीही घराघरांत खल चालतो, तो उरलेल्या दोन जागांवरून. इंग्रजी आणि हे तीन विषय धरले, की अकरावीच्या फॉर्मवर एक दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय राहतो. मुलीच्या ‘सिव्हिल’वर घरच्यांचा कितपत भरवसा आहे, ते मला या दोन जागांवरून कळतं.

ऐच्छिकच्या जागी बायॉलॉजी येतं, कारण ‘असू दे, नीटचा रस्ता मोकळा राहील.’ नाहीतर दोन्ही जागा व्यापणारं बायफोकलचं, म्हणजे व्यावसायिक गटातलं, कॉम्प्युटर सायन्स; शेवटी नोकरी आयटीतच करायची आहे, हे कुणी बोलत नाही पण सगळ्यांनी धरलेलं असतं. दोन्हींमागे काळजी एकच: पोर उन्हातान्हात, गवंडी-मुकादमांमध्ये साइटवर कशी उभी राहणार? काळजी खोटी नाही. कितीतरी साइटवर बायकांसाठी धड स्वच्छतागृहही नसतं. पण ते साइटवर बांधायचं असतं, त्यासाठी मुलीचा विषय बदलायचा नसतो. शकुंतला भगत १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिलची पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि पुढे सुट्या पोलादी भागांतून जुळवायचे पूल त्यांनी पतीच्या साथीनं उभे केले. पी. के. थ्रेसिया १९७१मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. ‘मुलींनी कुठं केलंय हे?’ असं विचारायची सोय तेव्हाच संपली.

मग त्या जागी काय घ्यावं? राज्य मंडळाच्या बायफोकलमध्ये ‘जनरल सिव्हिल इंजिनिअरिंग’ नावाचा २०० गुणांचा विषय आहे, हे कित्येक पालकांच्या गावीही नसतं. तो घेतला की दोन्ही जागा एकदम भरतात. शिकवणारी ज्युनिअर कॉलेजं मोजकी आहेत. जवळ असेल तर जरूर चौकशी करावी. त्यासाठी गाव सोडावं इतकं मात्र त्याचं महत्त्व नाही.

माझा कौल भूगोलाला. सीईटीत त्याची किंमत शून्य, म्हणून विज्ञानाची मुलं त्याच्याकडे फिरकत नाहीत. पण अकरावीच्या भूगोलात भू-हालचाली आहेत, विदारण आहे, डोंगरउतारावरची विस्तृत झीज आहे, नदीचं खनन आहे. ३० जुलै २०१४ला माळीणवर डोंगर कोसळला, १९ जुलै २०२३च्या रात्री इरशाळवाडीवर. २ ऑगस्ट २०१६ला महाडजवळ सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. उतारावरची माती पाणी पिऊन कधी सुटते, पुराचा लोंढा खांबाच्या पायाखालचं कसं खरवडून नेतो, हे सह्याद्रीत काम करणाऱ्याला आधी दिसावं लागतं. आकडेमोड मागून येते. चिनाब नदीवरचा रेल्वेपूल पात्रापासून ३५९ मीटर उंच आहे. बेंगळुरूच्या आयआयएससीमधल्या प्रा. जी. माधवी लता सुमारे सतरा वर्षं त्याच्या उतारांच्या आणि पायाच्या कामात सल्लागार होत्या. खडक भेगाळलेला, खोदावं तर आराखड्यात नसलेलं काही पुढं यायचं आणि रचना जागेवर बदलावी लागायची. फोटोत कमान आली, पण तिला धरून ठेवायचं काम डोंगराकडून करून घ्यायचं होतं.

सक्तीचे विषयसुद्धा क्लासच्या चाळणीतून गेले की वेगळेच होऊन बसतात. बारावीच्या गणिताच्या पुस्तकात अगदी शेवटी बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशन येतं आणि दोन सूत्रांत उरकलं जातं. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे काय, ते याच धड्यात कळतं: दर वर्षी शक्यता एक टक्का, पण तीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. सांगली-कोल्हापुरात २००५, २०१९ आणि २०२१ला पाणी घरांत शिरलं. तिथं पूररेषा आखणाऱ्या माणसाला हा धडा ‘ऑप्शनला’ टाकून कसं चालेल? केमिस्ट्रीचंही तसंच. कोकणातल्या खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटमधून सळीपर्यंत पोचतं, सळी गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे गळायला लागतात. ही सगळी इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच आहे.

दुसऱ्या भाषेच्या जागी हल्ली सर्रास आयटी घेतात, गुण भरभरून पडतात म्हणून. मला हा सौदा महागाचा वाटतो. भूसंपादनाच्या सुनावणीत, ग्रामसभेत, किंवा ठेकेदाराला घाई असताना शटरिंग आज का उतरवायचं नाही हे मुकादमाच्या गळी उतरवताना, इंजिनिअरकडे शब्द लागतात.

आणि एवढं सगळं नकोच असेल, तर दहावीनंतर पॉलिटेक्निक आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. गुण कमी पडलेल्यांची ही वाट, असा समज उगीच रुजलाय. सोळाव्या-सतराव्या वर्षी लेव्हल आणि स्टाफ घेऊन सर्व्हे करणाऱ्या मुलीला साइट परकी राहत नाही. अडचण एकच, डिप्लोमाचं गणित पातळ असतं आणि पदवीला गेल्यावर दमछाक होते. अशा मुलीनं डिप्लोमाच्या एखाद्या सुट्टीत बारावीच्या गणिताची दोन्ही पुस्तकं, शेवटच्या धड्यासकट, सोडवून ठेवावीत.