प्राणवायू परतल्यानंतर

दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ काचेच्या पेटीत बरे होत असते. श्वास सुधारलेला असतो, नळीवाटे दूध सुरू झालेले असते, घरच्यांच्या जिवात जीव आलेला असतो. आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकाएकी त्याचे पोट फुगते. दूध पचत नाही, उलटी हिरवी होते, शौचात रक्त दिसते. एक्स-रे काढावा तर आतड्याच्या भिंतीतच हवेचे बुडबुडे. काही बाळांचे आतडे एका रात्रीत काळे पडते आणि मेलेला भाग कापून काढण्यावाचून इलाज उरत नाही. या आजाराचे नाव नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस. डॉक्टर त्याला एनईसी म्हणतात. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांपैकी साधारण ७ टक्क्यांना तो होतो आणि ज्यांना होतो त्यांतली २० ते ३० टक्के बाळे दगावतात.

या आतड्याला नेमके कोण मारते, याचे उत्तर गेल्या ६० वर्षांत पार उलटेपालटे झाले आहे. उत्तर बदलले की औषधाची कल्पनाही बदलते. म्हणून हा इतिहास आजच्या पेटीतल्या बाळापर्यंत येऊन भिडतो.

१९६५ साली न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधील मिझराही, सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधील या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. आजाराला ओळख मिळाली, मग कारणाचा शोध सुरू झाला. १९६९मध्ये लॉइड या शल्यविशारदाने मांडलेला विचार फार गाजला. पाण्यात खोल बुडी मारणारे सील आपला प्राणवायू कसा पुरवतात, हे नॉर्वेच्या शोलांडर यांनी १९४०च्या सुमारास दाखवून दिले होते. सीलच्या शरीरातले रक्त तेवढ्या वेळापुरते हृदय आणि मेंदू यांच्यासाठी राखले जाते, इतर अवयवांचा पुरवठा आखडतो. लॉइड यांचे म्हणणे असे, की जन्मताना गुदमरलेले बाळही हेच करते. मेंदू वाचवण्यासाठी ते आतड्याचा बळी देते.

विचार देखणा होता आणि पटणाराही होता. पण त्यात दाह कमी करणाऱ्या औषधाला जागाच नव्हती. रक्त थांबले, पेशी मेल्या. मेलेल्या पेशींवर कसले औषध करणार?

हळूहळू या विचाराला तडे जाऊ लागले. आतडे जन्मताना गुदमरल्यामुळे मरत असेल, तर आजार दोन-तीन आठवडे थांबतो कशासाठी? आजारी आणि निरोगी बाळांच्या जन्मनोंदी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा गुदमरण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फारसा फरक दिसेना. त्यातच १९७४मध्ये बार्लो, सांतुली आणि सहकाऱ्यांचा उंदरांच्या नवजात पिल्लांवरचा प्रयोग आला. वरच्या दुधावर वाढवलेली पिल्ले प्राणवायू तोडल्यावर आतड्याच्या आजाराने मेली. आईच्या दुधावरची पिल्ले तितकाच वेळ गुदमरूनही वाचली. प्राणवायूचा तुटवडा दोघांनाही सारखाच सोसावा लागला होता. मग दुधाने नेमके काय अडवले? माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि त्याला हवे तितके लक्ष मिळायला पुढे कित्येक वर्षे गेली.

दरम्यान एक वेगळाच धागा हाती लागला. १९८१मध्ये ग्रेंजर, रुटिली आणि मॅकॉर्ड यांनी मांजराच्या लहान आतड्याचा रक्तपुरवठा कमी करून पाहिला. रक्त आटलेले असताना पेशींत हायपोझँथिन नावाचे द्रव्य साठते. प्राणवायू परत आला की त्याच्यावरच्या रासायनिक क्रियेतून सुपरऑक्साइड हे विध्वंसक रसायन तयार होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८६मध्ये पार्क्स आणि ग्रेंजर यांनी त्याहून स्पष्ट पुरावा दिला. चार तास रक्त अडवलेल्या आतड्यापेक्षा, तीन तास अडवून चौथ्या तासाला मोकळे केलेल्या आतड्याची अस्तरत्वचा कितीतरी जास्त फाटली होती. घातातला मोठा वाटा परतणाऱ्या रक्ताचा होता. आणि परतणारे रक्त पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे संरक्षक दल, बरोबर घेऊन येते. औषधाला पहिल्यांदाच शिरायला फट मिळाली. गुदमरणे आपल्या हातात नसेल, पण त्यानंतरचा काही काळ तरी आपल्या हातात होता.

शिकागोत गोंझालेझ-क्रुसी आणि वेई श्युए यांनी १९८३मध्ये याच्याही पुढे मजल मारली. त्यांनी उंदरांच्या रक्तात प्लेटलेट-ॲक्टिव्हेटिंग फॅक्टर, म्हणजे पीएएफ, हे दाह पेटवणारे द्रव्य सोडले. श्वास कोंडला नाही, रक्तवाहिनी बांधली नाही, तरी काही तासांत आतडे काळे पडले. १९९०मध्ये कॅप्लन, श्युए आणि सहकाऱ्यांनी वर्तुळ पूर्ण केले. त्यांनी उंदरांना गुदमरवले आणि पीएएफची वाट अडवणारे औषध आधीच दिले, तेव्हा आतडे वाचले. एनईसी झालेल्या बाळांच्या रक्तातही पीएएफ वाढलेले आढळले. गुदमरल्याने दाह भडकतो, दाहाने आतडे मरते, म्हणून दाह आवरा. इतकी सरळ वाट समोर दिसत असताना तिने जावेसे कोणालाही वाटेल.

पण उंदरांपासून बाळापर्यंतची वाट सरळ नव्हती, आणि हे आधीच कळायला हवे होते, असे मी आग्रहाने म्हणेन. कारण त्याच बेबीज हॉस्पिटलमध्ये १९५०च्या आसपास एक धडा मिळाला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंधत्व आणणाऱ्या नेत्रविकारावर सिल्व्हरमन यांनी एसीटीएच हे संप्रेरक वापरले. ते शरीरातली स्टेरॉइडे वाढवते. सुरुवातीला यश डोळ्यांत भरण्यासारखे होते. मग त्यांनी बाळांचे दोन गट पाडून नीट चाचणी घेतली, तेव्हा औषध न घेतलेल्या बाळांची दृष्टी अधिक टिकलेली दिसली आणि औषध घेतलेल्यांत मृत्यू जास्त झालेले दिसले. सिल्व्हरमन यांनी हे लपवले नाही. उरलेले आयुष्य ते हेच सांगत राहिले, की नवजात बाळावरचा प्रत्येक नवा उपाय आधी चाचणीतून जायला हवा.

अर्धशतकानंतर तेच पुन्हा घडले. फुफ्फुसातला दाह कमी व्हावा म्हणून एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर डेक्सामेथासोन देण्याची अमेरिकेतली मोठी चाचणी २२० बाळांनंतर थांबवावी लागली. तिचा अहवाल २००१मध्ये आला. पहिल्या १४ दिवसांत डेक्सामेथासोन घेतलेल्या १३ टक्के बाळांच्या आतड्याला भोक पडले, न घेतलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. जोडीला इंडोमेथासिन दिले असेल, तर धोका आणखी वाढत होता. इंडोमेथासिनही दाहशामकच. हृदयाजवळची उघडी राहिलेली नलिका बंद करण्यासाठी ते १९७६पासून वापरात होते, पण त्याने आतड्याचा रक्तपुरवठा घटतो. दाह शमवायला दिलेली औषधे आतड्याला भोक पाडत होती. याउलट प्रसूतीपूर्वी आईला दिलेल्या स्टेरॉइडने, जी पद्धत १९७२मध्ये ऑकलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी मांडली, बाळातल्या एनईसीचे प्रमाण कमी होते. एकाच जातीचे औषध आठवड्याभराच्या फरकाने तारक होते किंवा मारक. कारण बाळाच्या आतड्यात दाहाचीच यंत्रणा जखम बुजवण्याचे, जंतू रोखण्याचे कामही करत असते. ती सरसकट बंद करून चालत नाही.

म्हणून पुढचा शोध अधिक नेमका झाला. जंतूंच्या भिंतीवरचे विष ओळखणारा टीएलआर-४ हा ग्राहक अपुऱ्या दिवसांच्या आतड्यात प्रमाणाबाहेर असतो, हे २००६-०७च्या सुमारास कॅप्लन आणि हॅकम यांच्या गटांनी दाखवले. २०१३मध्ये हॅकम यांच्या गटाकडून आलेल्या कामाने तर जुनी मांडणीच उलटी केली. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातला टीएलआर-४ जागा झाला, की नायट्रिक ऑक्साइड घटते, वाहिन्या आखडतात आणि आतडे प्राणवायूला मुकते. म्हणजे रक्त थांबल्याने दाह होतो हे खरे, पण दाहाने रक्त थांबते हेही तितकेच खरे. सीलची उपमा अर्धीच उरली. त्याच वर्षी टीएलआर-४ला रोखणारा सी३४ हा रेणू सापडला. प्राण्यांत आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या बाळांच्या आतड्याच्या तुकड्यांत त्याने दाह कमी केला. पायांच्या रक्तपुरवठ्यासाठी वापरले जाणारे पेंटॉक्सिफायलिन हे जुने औषधही बाळांवर तपासले गेले आहे. या वाटेने पुढे जावेच. सिल्व्हरमन यांची अट मात्र सोडू नये.

आणि १९७४च्या पिल्लांना वाचवणारे ते दूध? पीएएफला निकामी करणारे विकर त्यात असते, वरच्या दुधात ते नसते. टीएलआर-४ला आवरणारे घटकही त्यात आढळले. १९९०मध्ये लुकास आणि कोल यांनी इंग्लंडमधल्या ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात केवळ वरच्या दुधावरच्या बाळांना एनईसी होण्याचे प्रमाण केवळ मातेच्या दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहा पट निघाले. दुसऱ्या मातांनी दिलेले, पाश्चरीकरण केलेले दूध काही विकरे गमावते, तरी वरच्या दुधाच्या तुलनेत धोका साधारण निम्म्यावर आणते. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातली पहिली मातृदूध पेढी सुरू केली, तेव्हा टीएलआर-४चे नावही कुणाला ठाऊक नव्हते. नवजात आतड्याचा दाह आवरणारे आणि त्याला भोक न पाडणारे, सर्वांत भरवशाचे औषध आज आपल्यापाशी आहे ते आईचे दूधच.

तुमच्या ओळखीत कोणी बाळंतीण असेल आणि बाळाचे पोट भरून तिचे दूध उरत असेल, तर गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात मातृदूध पेढी आहे का, हे तिच्यासाठी आजच विचारून ठेवा. पेढी नसेल, तर ती व्हावी म्हणून तिथल्या बालरोग विभागाकडे मागणी करा.