नियत आणि शेवट

मोमिनपुऱ्यातल्या आमच्या घरी सुट्टीत भाचा आला की कम्प्युटर त्याच्या ताब्यात जातो. मागच्या उन्हाळ्यात तो 'मास इफेक्ट २' खेळत होता. कॅनडातल्या बायोवेअरने २०१० मध्ये काढलेला, म्हणजे तसा जुनाच गेम. नायक शेपर्ड शत्रूच्या तळावर निघालेला, परतण्याची शाश्वती नाही. त्याआधी प्रत्येक सोबत्याचे एकेक खासगी काम अडलेले असते. कोणाचा मुलगा वाईट मार्गाला लागलेला, कोणाला जुना हिशेब चुकता करायचा. ते काम केले की सोबती मनापासून साथ देतो. टाळले तर शेवटच्या लढाईत त्याच्या जिवाला धोका वाढतो. सोबत्यांपैकी किमान दोघे वाचले नाहीत तर शेपर्डही मरतो.

"मामू, सगळ्यांची कामं करून टाकतो. नाहीतर शेवट खराब येईल."

हे आम्हाला खटकले. सोबत्याचे दुःख हलके करायचे ते आपला शेवट चांगला व्हावा म्हणून? सहीह बुखारीची सुरुवातच नियतच्या हदीसने होते. (मराठीत 'नियती' म्हटले की वाचक नशिबाकडे वळतो, म्हणून शब्द जपून वापरावा लागतो.) गेमला मात्र नियत दिसत नाही. तो फक्त काम झाले की नाही ते मोजतो.

पण भाचा तालीच्या कामाला आला आणि आमचे मत डळमळले. तालीवर तिच्याच लोकांनी देशद्रोहाचा खटला भरलेला. तिला निर्दोष ठरवणारा पुरावा सापडतो, पण तो उघड केला तर तिच्या मेलेल्या बापाची अब्रू जाते. ती विनवते, दाखवू नकोस. दाखवला तर ती सुटते, पण मनातून तुटते. दोन्ही राखायची वाटही गेममध्ये आहे. भाच्याला ती सापडली नव्हती. तो कितीतरी वेळ हात थांबवून बसला. शेवट कसा येईल हे त्याने विचारले नाही. विचारले ते इतकेच, "मामू, बरोबर काय?" हिशेबाने सुरू झालेली नियत वाटेत बदलू शकते, हे आम्ही समोर पाहिले.

मग आम्हाला आमचे आठवले. ताजबागेकडे आमचे एक जुने स्नेही आजारी होते. त्यांच्या ओळखीने एका कचेरीतले आमचे काम होणार होते. आम्ही तीनदा इयादतीला गेलो, फळे नेली, उशाशी बसलो. तिसऱ्या वेळी त्यांनी हसून विचारले, "काम झालं का?" झाले होते. ते आमच्या येण्याने खरोखर खूश व्हायचे. आमच्या नियतमुळे त्यांची ती खुशी खोटी ठरत नाही, असे आम्ही मनाला समजावतो. त्यानंतर आम्ही गेलो नाही. पुढे गेलो ते जनाज्याला.

गेममध्ये गॅरस नावाचा सोबती आहे. त्याच्याशी बोलायचे विषय संपले की पुन्हा कितीही वेळा गेले तरी तो तोफांच्या कामात गुंतलोय, एवढेच सांगतो. म्हणून भाचा त्याच्याकडे फिरकेनासा झाला. त्याला दोष कसा द्यावा? गेम बनवणाऱ्यांनी गॅरसच्या तोंडी पुढचे बोलणे लिहिलेच नव्हते.

आमच्या स्नेह्यांकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते. आम्ही जाणे बंद केल्यावर आलेल्या ईदेला त्यांनी नातवाच्या हाती शीरखुर्म्याचा डबा पाठवला होता. तो परत द्यायचा राहून गेला.