तुळई कोणाची?

कृष्णाकाठी जुन्या घराचे आकारमान चौरस फुटांत सांगत नसत. घर पाच खणांचे की सात खणांचे, एवढे कळले की पुरे. खण म्हणजे दोन खांबांमधील जागा. सातारा-सांगलीकडील शेतकऱ्याच्या वाड्याची सारी रचना या शब्दात आली. दगडी तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. बाहेरच्या जाड भिंती काही भार घेतात. आतल्या भिंती बहुधा आडोशापुरत्या असतात. ओसरी, माजघर, धान्याचे बळद, गोठा, सगळे या एका सांगाड्याच्या आश्रयाने नांदते.

भावाभावांत वाटणी होते तेव्हा खण मोजले जातात आणि माजघरातून भिंत उठते. कागदावर हिशेब चोख असतो. पण वरची तुळई त्या भिंतीला जुमानत नाही. ती थोरल्याच्या खणातून निघून धाकट्याच्या खांबावर टेकलेली असते. पुढे थोरल्याला सिमेंटचा बंगला बांधायचा असतो आणि जुन्या सागवानाला घनफुटावर चांगला भाव मिळत असतो. ‘माझ्या वाट्याचे लाकूड मी काढतो, इतरांचा संबंध काय?’ असे तो विचारतो. प्रश्न साधा दिसतो, तितका तो साधा नाही.

संत थॉमस अक्विनस यांनी खाजगी मालमत्तेचे समर्थनच केले आहे. स्वतःच्या वस्तूची माणूस अधिक काळजी घेतो, हे त्यांचे एक कारण. परंतु वस्तू बाळगण्याचा हक्क आणि ती वापरण्याची रीत यांत त्यांनी भेद केला. वापरताना ती जणू सर्वांची आहे असे मानावे आणि गरजवंताला त्यात वाटेकरी करून घ्यावे, असे ते सांगतात. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या विश्वपत्रात मालमत्तेवरील ‘सामाजिक गहाणा’चा उल्लेख केला. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा चढलेला असतो. जमीन आपलीच, तरी मोकळी नसते. तुळईवरचा बोजा मात्र कोणताही तलाठी नोंदवीत नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक मनुष्य प्रभू येशूकडे भावाशी वाटणी करून मागतो. प्रभू वाटणी करणारा होण्याचे नाकारतो आणि लगेच एका श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला देतो. तो शेतकरी जुनी कोठारे पाडून मोठी बांधायला निघालेला असतो. बांधकाम काढण्यात पाप आहे, असे तेथे म्हटलेले नाही. पण त्या माणसाचा सारा संवाद स्वतःशीच चालला आहे. त्या संवादात दुसरा कोणी नाही.

म्हणून वाडे जपलेच पाहिजेत, असे मी म्हणणार नाही. २०१९ च्या महापुरात दिवसच्या दिवस पाण्यात उभ्या राहिलेल्या मातीच्या भिंतीखाली म्हाताऱ्या आईला झोपवणे हे वारशाचे प्रेम नव्हे. छायाचित्रे काढायला येणाऱ्यांसाठी गळके छप्पर सोसण्याचे बंधन कोणा विधवेवर नाही.

परंतु जो भाऊ मागे राहिला, दरवर्षी कौले चाळत राहिला, वाळवी झाडत राहिला, त्याचा हक्क केवळ खणांपुरताच का? वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यालगतच्या घाटावर एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह पवित्र मरियेची प्रतिमा आहे. १७३९ मध्ये वसई पडल्यानंतर ती मराठ्यांनी नेली. ती कोणाची, हा प्रश्न आपल्या मनात उठणारच, आणि तो गैरही नाही. तरीही ती न वितळवता, तिच्यावरील प्रतिमा न खरवडता ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या राखली, त्यांचाही काही हक्क निर्माण झाला आहे, असे मला वाटते. राखण्यातूनही नाते जडते.

जाणता सुतार थोरल्याची तुळई काढण्याआधी धाकट्याच्या बाजूला टेकू लावून घेतो. त्या टेकूचे लाकूड कोणी आणायचे, हे वाटणीपत्रात लिहिलेले नसते. माझ्या मते ते थोरल्याने आणावे. आणि करवत लावण्यापूर्वी एकदा भिंतीपलीकडे जाऊन धाकट्याला विचारावे.