कौतुकाचा वाटा

"वरचा थेंबही दिला नाहीस लेकीला, खरी माय शोभतेस," असं गल्लीतल्या बायका म्हणतात तेव्हा मला बरं वाटतं. फार बरं वाटतं. लेकीला आता सहावा महिना लागलाय, अंग भरलंय, कुणीही उचलून घ्यावं अशी झालीय. पण ती झोपली की मन विचारतं, या कौतुकात तुझा स्वतःचा वाटा किती?

मी शाळेत विज्ञान शिकवते. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतं, म्हणून तेवढा चीक पुरतो, पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं आणि मग भरून येतं, हे सगळं मला ठाऊक होतं. रात्री दोनला लेक रडून लाल झाली, छातीला चिरा पडून रक्त आलं, आणि पलीकडच्या खोलीतून "दूध उतरलं नाही वाटतं" असं ऐकू आलं, तेव्हा त्यातलं काहीच कामाला आलं नाही. त्या रात्री मी दात आवळून तिला छातीशी धरलं ते कशासाठी? तिच्या भुकेसाठी, हे उत्तर लगेच तोंडावर येतं. पण नीट आठवलं तर तितकीच भीती दुसरी होती: उद्या बायका म्हणतील, मास्तरीणबाईला दूध नाही. माया आणि भीती वेगळी काढायला गेले की हाती काही लागत नाही. काही रात्री भीतीच जास्त होती, एवढं मात्र मला मान्य करावं लागतं.

आणि जे पुढे जमलं, ते जिद्दीने जमलं असंही नाही.

तिसऱ्या दिवशी आशाताई, म्हणजे आमच्या आशा कार्यकर्त्या, घरी आल्या. आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. लेकीला झोळीच्या काट्यावर तोललं, ताप पाहिला. मग "लावा पाहू" म्हणाल्या आणि काही न बोलता बघत बसल्या. "ताई, पोरगी नुसतं बोंड चघळून राहिली. म्हणून चिरा पडल्या तुम्हाला." करंगळी तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सारून त्यांनी पकड अलगद सोडवली. डोकं दाबायचं नाही, मानेखाली आणि खांद्यांमागे हात द्यायचा. तिचं पोट माझ्या पोटाला. बोंड तिच्या वरच्या ओठाला लावून थांबायचं, जांभईएवढं तोंड उघडलं की एकदम जवळ घ्यायचं. हनुवटी छातीत रुतली, खालचा ओठ बाहेर वळला, काळा भाग खालून जास्त आत गेला, आणि मला पहिल्यांदा गिळल्याचा आवाज ऐकू आला. दुखणं त्या दिवशी थांबलं नाही, पण ते कशामुळे आहे ते कळलं. नंतर ते हळूहळू ओसरलं.

मे महिना होता. चंद्रपूर जिल्ह्यातला मे म्हणजे पारा पंचेचाळिशीच्या वर. माझ्या आईचा जीव कासावीस होई. "घसा सुकला असेल गं तिचा, दोन चमचे पाणी दे." आशाताईंनी मला न समजावता आईलाच समजावलं: "काकू, आईचं दूध म्हणजे शंभरात जवळपास 88 भाग पाणीच. आठवडा झाला की लघवी मोजा, दिवसभरात सहा वेळा झाली म्हणजे पुरून राहिलं." आई त्या दिवसापासून दोरीवरची लंगोटं मोजायला लागली. माझ्यासाठी रात्री उठणारी, मला तहान लागायच्या आत पाण्याचा तांब्या पुढे करणारी तीच. तिचं नाव कौतुकात कुणी घेत नाही.

आशाताई घरोघर जातात ती रीत आमच्या शेजारच्या गडचिरोलीतली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या 39 गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2011 पासून देशभरच्या आशा हे काम करतात. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, आणि त्या पुऱ्या झाल्यावर मोबदला 250 रुपये. एका भेटीचे नव्हेत, साऱ्या भेटींचे मिळून. त्या बाईंनी माझं आईपण सावरलं आणि मी त्यांना चहा पाजला. तेव्हा मला ते पुरेसं वाटलं होतं.

मला 180 दिवसांची पगारी रजा मिळाली. सहा महिने फक्त अंगावर पाजा हा सल्ला माझ्या रजेत बरोब्बर मावला. आमच्या मागच्या गल्लीतली पोर माझ्याच मागेपुढे बाळंत झाली. मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये किती दिवस पुरणार? सोयाबीन कापणीला आली तशी ती रोजाने जाऊ लागली. दुपारी तिचं बाळ आजीजवळ असतं, वरच्या दुधावर. आजीच्या हातात बाटली दिसली तेव्हा मला हळहळ वाटली. मी त्या हळहळीलाच तपासते आहे. ती बाळाबद्दल असेल तर ठीक. पण "मी केलं, हिला नाही जमलं" असं काही तिच्या तळाशी असेल, तर ते मला नको आहे. माझं आणि तिचं दूध सारखंच आहे; फरक आहे तो दुपारी घरी थांबण्याच्या ऐपतीचा.

दिवाळीनंतर मी शाळेत रुजू होणार. दूध काढून ठेवायला, छाती भरून आली तर दार लावून बसायला एक खोली हवी, असा अर्ज मी मुख्याध्यापकांसाठी लिहून ठेवलाय. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंनाही सध्या सातवा महिना आहे. त्यांचं काम मानधनावरचं, माझ्यासारखी पगारी रजा त्यांना नाही. अर्जात मी फक्त माझं नाव घातलंय. खोली दोघींना चालेल, पण त्यांना खोलीच्या आधी रजा लागेल, आणि ती मागायची तर पंचायत समितीपर्यंत जावं लागेल, एकदा नव्हे, अनेकदा. तेवढी धावपळ मी दुसरीच्या लेकरासाठी करेन का, असं स्वतःला विचारलं तर छातीठोक हो येत नाही. अर्ज अजून दिलेला नाही. आधी ताईंना भेटून विचारायचं आहे, त्यांना नेमकं काय हवं आहे ते.